रंगलेल्या हातांचा रेडिओ

पेणच्या गणपती कारखान्यात कामाला बसलेल्या माणसाचे हात दिवसभर रिकामे नसतात. साच्यातून मूर्ती सोडवणाऱ्याच्या हातांना माती, मूर्ती घासून गुळगुळीत करणाऱ्याच्या अंगभर पांढरी पूड, रंगाला बसलेल्याच्या बोटांवर पिवळ्या-गुलाबी रंगाचे थर. आखणी करणाऱ्याच्या हातात तर चार केसांचा कुंचला. गणपतीच्या डोळ्याची रेघ अर्धी सोडून त्याने दुसरीकडे हात घालावा, असं कुणी म्हणणारही नाही. हातही गुंतलेले आणि डोळेही. उरतात ते कान. म्हणून पेण शहरातल्या गल्ल्यांत आणि हमरापूर, जोहे या गावांतल्या शेडमध्ये काहीतरी वाजत असतं. सकाळी भक्तिगीतं, मग बातम्या, दुपारी जुनी हिंदी गाणी. गणपती जवळ आले की रात्रीचे अकरा-बारा वाजले तरी ते थांबत नाही.

पूर्वी हे काम खुंटीला टांगलेला ट्रान्झिस्टर करायचा. आता ते मोबाइलकडे आलं आहे आणि मोबाइल ते नीट करत नाही. गिऱ्हाइकाचा फोन आला की गाणं बंद. रंगाचं बोट काचेला लागलं की भलतंच काही सुरू. मधेच जाहिरात, संध्याकाळी बॅटरी संपलेली. शिवाय ज्याचा मोबाइल, तो माणूस बाहेर गेला की त्याच्याबरोबर शेडमधला आवाजही जातो.

बहुतेक कारखान्यांत कोपऱ्यातल्या टेबलावर एक जुना संगणक असतो. ऑर्डरींची यादी, बिलं, मूर्तींचे फोटो एवढंच त्याचं काम. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ची अट जुन्या यंत्रांना पुरी करता येत नाही, त्यामुळे अशी लाखो यंत्रं एका दिवसात ‘जुनी’ ठरली. त्यांतल्या पुष्कळ यंत्रांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त प्रणाली उत्तम चालते. लिनक्सच्या मिंट या प्रकाराची हलकी एक्सएफसीई आवृत्ती चार जीबी मेमरीतही कुरकुर करत नाही. तेव्हा हा संगणक कारखान्याचा रेडिओ होऊ शकतो का आणि त्यावर कोणता प्लेअर ठेवावा, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. लिनक्सवर गाणी वाजवणारे प्लेअर डझनांनी आहेत. त्यांच्या तुलना पुष्कळ होतात. पण त्या करणारा माणूस संगणकासमोर खुर्ची टाकून बसलेला असतो. पेणच्या शेडमधला श्रोता संगणकापासून वीस फुटांवर पाटावर बसलेला आहे आणि त्याचे हात रंगलेले आहेत. निवड त्याच्यापासून सुरू व्हायला हवी.

इंटरनेटवरून रेडिओ ऐकायचाच कशाला, ट्रान्झिस्टर आहे की, असं पेणमध्ये कुणी विचारलं तर ते रास्त आहे. मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं, तेव्हापासून या पट्ट्याचा रेडिओ म्हणजे मुंबई. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर, मध्यम लहरींवर, मालाडजवळच्या प्रक्षेपण केंद्रातून निघते. या लहरी जमिनीला धरून चालतात, म्हणून डोंगराआडही पोचतात. पण आज त्यांच्या वाटेत एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर आणि रंगाच्या गनला हवा देणारा कॉम्प्रेसर आला आहे. या प्रत्येकाची विजेची खरखर मध्यम लहरींवर उमटते. एफएमला ही खरखर बाधत नाही, पण एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. पेण मुंबईच्या खाडीपलीकडेच असल्यामुळे तिथे मोकळ्या जागी मुंबईचं एफएम बऱ्यापैकी लागतं. रोहा त्याहून दूर, कुंडलिकेच्या खोऱ्यात, डोंगरांच्या कुशीत. तिथे घराच्या एका खिडकीत विविध भारती मिळते आणि स्वयंपाकघरात हरवते.

रोह्यातला श्रोताही वेगळा आहे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा माणूस रात्रपाळी करून सकाळी घरी येतो, तेव्हा त्याला हवा असलेला कार्यक्रम होऊन गेलेला असतो. त्याच्या घरी निवृत्त वडील आहेत. त्यांचं सकाळी सात वाजून पाच मिनिटांचं पुणे केंद्राचं प्रादेशिक बातमीपत्र चुकलेलं चालत नाही. पुण्याचा आवाज सह्याद्री ओलांडून रोह्यात नीट पोचावा हे मध्यम लहरींच्या मर्जीवर. इंटरनेटवर मात्र पुणे, मुंबई, रत्नागिरी, नागपूर सगळे सारख्याच अंतरावर आहेत. प्रसार भारतीने आपल्या दोनशेहून अधिक आकाशवाणी वाहिन्या इंटरनेटवर ठेवल्या आहेत, हे मला आपल्या सार्वजनिक संस्थांनी गेल्या काही वर्षांत केलेल्या सर्वांत चांगल्या कामांपैकी एक वाटतं. नागपूरहून नोकरीसाठी रोह्यात आलेल्या कुटुंबाला नागपूर केंद्र ऐकता येतं, ही लहान गोष्ट नाही.

आता प्रत्यक्ष यंत्राकडे. इंटरनेट रेडिओ म्हणजे एक न संपणारी फाइल. दूरच्या सर्व्हरवरून ती सतत थेंबाथेंबाने येते. आपला प्लेअर ती थोडी साठवतो आणि साठ्यातून वाजवतो. १९९९ च्या सुमारास विनॅम्पवाल्या नलसॉफ्टचं शाउटकास्ट आणि त्याला मुक्त पर्याय म्हणून आइसकास्ट आलं, तेव्हापासून जगभरातली असंख्य छोटी केंद्रं या दोन पद्धतींनी चालत आली. आइसकास्टमध्ये एक सोय आहे. श्रोता जोडला गेला की सर्व्हर पहिल्या झटक्यात सुमारे ६४ किलोबाइटचा साठा एकदम देतो. प्रवाह सेकंदाला ६४ किलोबिटचा असेल तर तो आठ सेकंद पुरतो, १२८ चा असेल तर चारच सेकंद. पेणमध्ये टॉवर बदलताना किंवा पावसात जोडणी अडखळली की हे चार किंवा आठ सेकंद गाणं तुटणार की चालू राहणार ते ठरवतात. म्हणून एकाच केंद्राचे दोन प्रवाह मिळत असतील तर कारखान्यासाठी कमी किलोबिटचा घ्यावा. शेडमध्ये, कॉम्प्रेसरच्या आवाजात, ६४ आणि १२८ मधला फरक कानाला कळत नाही. डेटाचा हिशेबही त्याच बाजूचा आहे. ६४ किलोबिटला तासाला २८.८ एमबी, म्हणजे दहा तासांच्या दिवसाला २८८ एमबी. १२८ ला ५७६. रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर संगणक जोडलेला असेल तर बाकीच्या कामाला काय उरतं ते यावरून कळतं.

आकाशवाणीचा प्रवाह मात्र या जुन्या पद्धतीचा नाही. तो एचएलएस पद्धतीचा आहे. ॲपलने २००९ साली ती आणली. यात न संपणाऱ्या फाइलीऐवजी आवाजाचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि कोणते तुकडे कोणत्या क्रमाने घ्यायचे त्याची एक यादी असते. ती सतत बदलते. प्लेअरने यादी वाचायची, तुकडा आणायचा, वाजवायचा, पुन्हा यादी वाचायची. तुटक्या जोडणीला ही पद्धत सोसते. एक तुकडा अडकला तरी तोच पुन्हा मागता येतो. किंमत एकच: आवाज प्रत्यक्ष प्रसारणापेक्षा बराच मागे चालतो, अर्धं मिनिटसुद्धा. निवेदकाने सांगितलेल्या वेळेवर घरातलं घड्याळ लावायची सवय असलेल्या रोह्यातल्या ज्येष्ठांना हे आधी सांगितलं पाहिजे.

प्लेअर निवडताना पहिली चाळणी ही. आकाशवाणी वाजवता येते का? ज्याला येत नाही, तो आपल्या पट्ट्यासाठी कितीही देखणा असला तरी बाद.

या चाळणीत लिनक्सच्या इतिहासातली काही लाडकी नावं गळतात आणि त्याचं मला वाईट वाटतं. एक्सएमएमएस हा १९९७ मध्ये सुरू झालेला, विनॅम्पसारखा दिसणारा छोटा प्लेअर एका पिढीचा सोबती होता. त्याचा वारसा ऑडेशसकडे आला. जुन्या यंत्रावर तो आजही झटकन उघडतो, विनॅम्पची जुनी रूपं घालून मिरवतो आणि शाउटकास्ट, आइसकास्टचे पत्ते न कुरकुरता वाजवतो. एचएलएसच्या पत्त्यावर मात्र त्याच्यावर विसंबता येत नाही. केडीई या लिनक्स डेस्कटॉपच्या दुनियेत अमारोक होता. त्याच्या १.४ आवृत्तीवरून २०१० साली क्लेमेंटाइन निघाला आणि क्लेमेंटाइनवरून २०१८ साली स्ट्रॉबेरी. स्वतःच्या डिस्कवर हजारो गाणी जपणाऱ्या माणसासाठी स्ट्रॉबेरीइतका चांगला प्लेअर मी दुसरा सांगणार नाही. त्यातल्या रेडिओच्या कप्प्यात सोमाएफएम आणि रेडिओ पॅराडाइज आयते मिळतात. दोन्ही केंद्रं २००० सालापासून श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतात आणि आदर वाटावा अशीच आहेत. पण पेणच्या कारखान्यात सकाळी सहाला ती कुणी मागत नाही. प्लेअरबरोबर येणारी यादी ही तो बनवणाऱ्याच्या कानांची यादी असते. आपली यादी आपल्यालाच करावी लागते.

रिदमबॉक्स हा प्लेअर कित्येक वर्षं उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराबरोबर येत राहिला आहे आणि मिंटमध्येही तोच. त्यात रेडिओचा वेगळा कप्पा आहे. पत्ता डकवायचा, नाव द्यायचं, झालं. केंद्राचं नाव देवनागरीत लिहिता येतं: ‘पुणे’, ‘मुंबई अस्मिता’, ‘रत्नागिरी’. इंग्रजी वाचायला नको वाटणाऱ्या माणसाला याचा किती आधार होतो हे समोर बसून पाहावं. रेड हॅटने २००४ साली खुला केलेला लोहित फॉन्ट आणि मराठी अनुवादाचं काम करणारे स्वयंसेवक यांच्यामुळे ही अक्षरं लिनक्सवर आज सहज दिसतात. रिदमबॉक्स आवाजासाठी जीस्ट्रीमर नावाच्या यंत्रणेवर अवलंबून आहे. आकाशवाणी वाजत नसेल तर बहुधा जीस्ट्रीमरच्या जोडण्यांचा एखादा संच बसवायचा राहिलेला असतो. तो बसवला की काम होतं. मात्र जोडणी तुटली की रिदमबॉक्स थांबतो आणि कुणीतरी येऊन पुन्हा चालू करेपर्यंत थांबूनच राहतो. घरात, टेबलाशी बसणाऱ्यासाठी तो उत्तम. शेडमध्ये नाही.

शॉर्टवेव्ह हा ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपचा नवा प्लेअर फक्त इंटरनेट रेडिओसाठीच बनवला आहे. त्याला स्वतःची यादी नाही. रेडिओ ब्राउझर नावाच्या, लोकांनी मिळून भरलेल्या सार्वजनिक नोंदवहीत तो शोधतो. भाषेत ‘मराठी’ लिहिलं की जी केंद्रं नोंदलेली आहेत ती समोर येतात. प्रवाहातून गाण्याचं नाव येत असेल तर तो प्रत्येक गाणं वेगळं टिपूनही ठेवतो. गाण्यांच्या खासगी केंद्रांवर हे चांगलं जमतं. आकाशवाणीच्या प्रवाहातून तशी नावं येत नाहीत, त्यामुळे भावगीत कुठे संपलं आणि श्रुतिका कुठे सुरू झाली हे त्याला कळायचा मार्ग नाही. ज्यांना नवी केंद्रं धुंडाळायला आवडतात त्यांनी शॉर्टवेव्ह घ्यावा. रोह्यात शाळा-कॉलेजच्या मुलांना मी तोच दाखवेन. बंगाली, कन्नड, पोर्तुगीज, जपानी असं जग त्यात एका खोक्यातून ऐकू येतं.

व्हीएलसीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. पॅरिसच्या एकोल सान्त्राल या संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा प्रकल्प २००१ मध्ये जीपीएल परवान्याखाली खुला झाला. नारिंगी शंकूचं त्याचं चिन्ह आपल्याकडे सायबर कॅफेपासून लग्नाच्या व्हिडिओवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. तो शाउटकास्ट, आइसकास्ट, एचएलएस सगळं वाजवतो. ‘नेटवर्क स्ट्रीम उघडा’ मध्ये पत्ता टाकला की आकाशवाणी सुरू. त्याचा साठा मुळात एकाच सेकंदाचा असतो. सेटिंगमध्ये तो दहा सेकंद केला की रोह्यातल्या तुटक जोडणीवरही आवाज बराच सलग होतो. २०२२ मध्ये भारतात व्हीएलसीचं संकेतस्थळ महिनोन् महिने बंद करून ठेवलेलं होतं. का, ते लोकांना सांगितलं गेलं नाही. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅनने कायदेशीर नोटीस दिल्यानंतर त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा उघडलं. त्या काळात विंडोजवाले इकडून तिकडून फाइली उतरवत होते आणि त्यांतल्या काहींत काय मिसळलेलं असेल याची खात्री नव्हती. लिनक्सवाल्यांना मात्र काहीच जाणवलं नाही. उबुंटू, डेबियन, मिंट यांच्या आपापल्या भांडारात व्हीएलसी होताच आणि तो तिथूनच येत राहिला. सॉफ्टवेअर कुठून येतं हा प्रश्न ते किती चांगलं दिसतं यापेक्षा मोठा आहे, हे त्या वर्षी मला पटलं.

तरीही कारखान्यासाठी मी व्हीएलसी सुचवत नाही. त्याची खिडकी उघडी असते आणि बिल करताना कुणीतरी ती बंद करतो. “शेठ, बातम्या लागल्या नाहीत,” अशी हाक शेडच्या टोकाहून आली की शेठ बिल सोडून उठतात. बातम्या कुणी लावाव्या लागू नयेत. त्या आपल्या वेळेला लागल्या पाहिजेत.

हे काम एमपीडी करतो. पूर्ण नाव म्युझिक प्लेअर डीमन. २००३ सालापासून चालत आलेला हा प्लेअर दिसतच नाही. त्याला खिडकी नाही, बटण नाही. संगणक सुरू झाला की तो मागे बसतो आणि सांगितलं ते वाजवतो. सांगायचं कसं, तर वेगळ्या छोट्या प्रोग्रॅमने, आणि तो प्रोग्रॅम त्याच वायफायवरच्या कोणत्याही मोबाइलवर असू शकतो. मोबाइलमधून आवाज बदलायचा, केंद्र बदलायचं. आवाज येतो तो संगणकाला जोडलेल्या स्पीकरमधून. मोबाइल घेऊन कुणी बाहेर गेलं तरी गाणं चालूच. जुन्या यंत्रावर त्याचं ओझं जाणवतही नाही. त्याच कामासाठी ब्राउझरचा एक टॅब उघडून ठेवला तर काही शे एमबी मेमरी जाते. आकाशवाणीचे पत्ते तो एफएफएमपेगच्या आधाराने वाजवतो. ती जोड बसलेली आहे का, एवढं आधी पाहून घ्यायचं.

वेळापत्रकासाठी लिनक्समध्ये क्रॉन आहे, युनिक्सच्या जुन्या काळापासून. पहाटे सहाला मुंबई, सात वाजून पाच मिनिटांच्या बातम्यांसाठी सातला पुणे, साडेसातला पुन्हा मुंबई, दुपारी एकला जेवणाच्या सुट्टीत विविध भारती, रात्री दहाला बंद. चार-पाच ओळी लिहायच्या आणि विसरून जायचं. एक खाचखळगा आहे आणि तो माहीत नसला तर लोक एमपीडीला नावं ठेवतात. यादीतला पत्ता लागला नाही तर एमपीडी पुढच्याकडे जातो. सगळेच लागले नाहीत तर तो थांबतो आणि नंतर जोडणी परत आली तरी आपण होऊन उठत नाही. म्हणून दिवसाच्या वेळेपुरती क्रॉनलाच आणखी एक ओळ द्यायची: दर पाच मिनिटांनी ‘वाजव’ म्हण. तो वाजतच असेल तर या सांगण्याने काही बिघडत नाही. थांबला असेल तर पाच मिनिटांच्या आत शेडमध्ये आवाज परत येतो. पेणमध्ये वीज जाते-येते, राउटर दोन मिनिटांनी सावरतो, तेव्हा सगळी करामत या एका ओळीची असते. संगणकाच्या बायॉसमध्ये ‘वीज आल्यावर आपोआप सुरू’ ही निवड असते. ती केली की कुणाला बटणही दाबावं लागत नाही.

ज्यांना एमपीडीची मांडणी अवघड वाटते त्यांनी एमपीव्ही घ्यावा. एमप्लेअर या जुन्या प्लेअरच्या घराण्यातला. एका ओळीच्या आज्ञेने पत्ता वाजतो, एचएलएस समजतं, तुटलं तर पुन्हा जोडण्याची सूचना देता येते. बंद पडला की पाच सेकंदांनी पुन्हा सुरू करणारी चार ओळींची स्क्रिप्ट शाळेतला मुलगाही लिहितो. मात्र मोबाइलवरून केंद्र बदलायची सोय त्यात आयती नाही. तीन-चारच केंद्रं लागत असतील तर ते चालून जातं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सची तोंडओळख मराठीत ऐकायला मिळते. आज्ञा टाइप करायच्या टर्मिनलची भीती घालवायला ते धडे पुरतात.

संगणकच नको असेल तर रास्पबेरी पाय. २०१२ मध्ये आलेला हा तळहातावर मावणारा लिनक्स संगणक मोबाइलच्या चार्जरवर चालतो. त्यासाठी मोड ऑडिओ नावाची तयार प्रणाली मिळते आणि तिच्या पोटात एमपीडीच आहे. पेणच्या शेडमधल्या पुडीपासून बचाव करायचा तर पंखा नसलेला पाय बंद डब्यात घालून ठेवणं हे पंख्याने पूड आत ओढणाऱ्या जुन्या डेस्कटॉपपेक्षा चांगलं. नवं काही घ्यायचंच असेल तर माझा कौल याला. जुना संगणक पडून असेल तर मात्र त्यालाच आधी संधी द्यावी.

बाजारात ‘इंटरनेट रेडिओ’ म्हणून तयार खोकी मिळतात, तीही काही कुटुंबांत परदेशातल्या मुलांनी पाठवलेली दिसतात. त्यांच्याबद्दल सावध राहायला हवं. अशा बहुतेक खोक्यांत केंद्रांची यादी नसते. ती कंपनीच्या सर्व्हरवरून येते. रेसिव्हा ही अशी यादी पुरवणारी मोठी सेवा २०२१ मध्ये बंद झाली आणि जगभरातली चांगली चालती यंत्रं मुकी झाली. त्यांचा स्पीकर, पडदा, वायफाय सगळं शाबूत होतं. फक्त कुठे जायचं ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. बीबीसीने २०२३ मध्ये आपले जुने शाउटकास्ट प्रवाह थांबवले, तेव्हाही अनेक जुने संच गप्प झाले. लिनक्सच्या प्लेअरवर त्या वेळी एवढंच करावं लागलं: जुना पत्ता काढून नवा टाकणं.

म्हणून मी प्लेअरइतकाच आग्रह पत्त्यांच्या यादीचा धरतो. एम३यू नावाची साधी मजकूर फाइल असते. एका ओळीत केंद्राचं नाव, पुढच्या ओळीत पत्ता. वर उल्लेख केलेले बहुतेक प्लेअर ती वाचतात. आकाशवाणीचे पत्ते गेल्या काही वर्षांत बदलले आहेत आणि पुन्हा बदलतील. यादी आपल्या हातात असेल तर एक ओळ दुरुस्त करून ती पेणहून रोह्याला व्हॉट्सॲपवर पाठवता येते आणि तिथला श्रोता ती व्हीएलसीत उघडतो, इकडे कारखान्यात ती एमपीडी वाचतो. गावात एका माणसाने ही यादी सांभाळावी. पूर्वी रेडिओचा परवाना काढायला पोस्टात जावं लागायचं आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दरसाल त्याची फी भरावी लागायची. आता परवाना लागत नाही, पण कुणीतरी लक्ष ठेवणं लागतं. वाचनालय, ज्येष्ठ नागरिक संघ, संगणक दुरुस्तीचं दुकान, कुणीही हे करू शकतं.

हे सगळं वीज आणि नेटवर्क असेपर्यंत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि रायगडात विजेचे खांब, मोबाइलचे टॉवर, झाडं एकाच दुपारी पडली. जिल्ह्याच्या दक्षिण भागात कित्येक गावं अनेक दिवस अंधारात आणि संपर्काबाहेर होती. त्या दिवसांत इंटरनेट रेडिओचा शून्य उपयोग होता. दोन सेलवर चालणारा, मध्यम लहरी पकडणारा संच ज्यांच्या घरी होता त्यांना मुंबईहून बातम्या मिळू शकत होत्या. तेव्हा लिनक्सवर रेडिओ आला म्हणून ट्रान्झिस्टर भंगारात देऊ नये. किनारपट्टीच्या जिल्ह्यात मध्यम लहरींचं प्रक्षेपण चालू राहावं अशी मागणीही आपणच करत राहायला हवी. ऐकणारे सगळे इंटरनेटवर गेले असं दिसलं तर ते प्रक्षेपक बंद करायला निमित्त सोपं मिळेल.

रेडिओ ब्राउझरच्या नोंदवहीत मराठी केंद्रांच्या नोंदी पाहिल्या की काम किती बाकी आहे ते कळतं. मराठी कार्यक्रम देणारी काही केंद्रं भाषेच्या जागी ‘हिंदी’ म्हणून नोंदलेली सापडतात, काहींची भाषा रिकामी आहे, काही पत्ते मेलेले आहेत. शॉर्टवेव्हमध्ये ‘मराठी’ शोधणाऱ्या अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या मुलीला यामुळे आपल्या गावाजवळचं केंद्र दिसत नाही आणि ते अस्तित्वातच नाही असं तिला वाटतं. नवं केंद्र कुणीही नोंदवू शकतो: नाव, पत्ता, भाषा, राज्य. पेण-रोह्यात जो ही यादी सांभाळेल त्याने दिवाळीच्या सुट्टीत आपल्या एम३यू फाइलीतला एकेक पत्ता उघडून पाहावा, जो वाजतो आणि नोंदवहीत नाही तो तिथे लिहावा, आणि भाषेच्या रकान्यात मराठी भरावं.